शून्य कुठे आहे

तीन हजार दोनशे युरोंचं जातं
आमच्या ओट्यावर बसलंय,
काळं कुळकुळीत, नऊ किलोचं.
सोबत एक इवलासा ब्रश आला, एक रबरी भाता,
आणि कुणा इटालियन माणसाच्या सहीचं प्रमाणपत्र.
मिक्सर कपाटात गेला, पावाचा डबा फ्रिजवर.
इल्पो म्हणाला, मार्युत, आता बघच.

बघतेय. ऑक्टोबरपासून बघतेय.

अठरा ग्रॅम घालतो, सतरा पूर्णांक चार बाहेर येतात.
उरलेले पॉइंट सहा कुठे दडले म्हणून
भात्यानं फुंकतो, कुशीवर थोपटतो,
तान्ह्याला ढेकर यावी म्हणून थोपटावं तसं.
दुसऱ्या दिवशी तेच पॉइंट सहा शिळे होऊन पडतात
आणि आजच्या कपात काल कडवट लागतो,
असं तो म्हणतो.
मला कॉफी लागते.

फिकट भाजलेल्या बिया खड्यासारख्या टणक.
मोटर हुं करते, घुटमळते, दिवे मिचकतात.
बाकीच्या भरडल्या गेल्या तरी
शेवटच्या तीन-चार वरच्या वर नाचत राहतात,
सुपातल्यासारख्या हसत.

जानेवारीत बाहेर उणे सत्तावीस. ओउलूची हवा घरात इतकी कोरडी
की स्वेटर काढताना ठिणग्या उडतात.
पूड उडते, चिकटते: नळाला, चष्म्याला,
जिरेनियमच्या पानांना, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांना.
मग चमच्याच्या दांड्यानं बियांवर तो पाणी शिंपडू लागला,
एकच थेंब,
बाप्तिस्म्याच्या पाद्र्याहूनही काटकसरीनं.

एका रात्री सगळं उघडलं.
दोन पोलादी चकत्या वर्तमानपत्रावर.
कडांना निळी शाई फासली,
जिथे पुसली जाईल तिथे त्या वाकड्या.
माझ्या चॉकलेटची चांदी नखाएवढी कापून खाली सारली.
शून्य सापडलं की सगळं सापडलं, म्हणाला.
चकत्या एकमेकींना जेमतेम शिवतात
तिथे एक बारीक चीं येते,
तिथून मागे मोजायचं.

या माणसानं एकेचाळीस वर्षं पियानो सुरात आणले.
चर्चचे, शाळांचे, बोटीवरच्या बारचे,
केमीपासून कुहमोपर्यंत, मागच्या सीटवर हातोड्या आणि सँडविच.
जिन्यातूनच ओळखायचा कुठला दिवा गुणगुणतोय.
मी खोटं बोलायच्या बेतात असले की
पाव स्वर आधी कळायचं त्याला.

त्यानं तबकडी फिरवली.

चीं.

मी शब्दकोड्यातून मान वर केली.
तो फिरवतच राहिला. अजून नाही, म्हणाला.
चीं, चीं, पोलाद पोलादाला चावत होतं.
अजून नाही.
माझं पेन सातव्या चौकोनात.

थांब, मी म्हणाले.

थांबला. माझ्याकडे पाहिलं नाही.
चकत्यांकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे,
कुणी उसनी दिलेली असावीत तसं.
मोटरचा आवाज फार आहे, म्हणाला.
फारच आहे, मी म्हणाले.

आता दर रविवारी तो तबकडी फिरवतो
आणि मी कोडं घेऊन त्याच खुर्चीत बसते.
तो विचारत नाही, मी सांगत नाही.
वेळ झाली की टेबलावर बोटानं टक् करते,
लाकडाचा जाड आवाज, त्याला पोचणारा.
तो पेन्सिलीनं खूण करतो.
पुढच्या रविवारी ती पुसून पुन्हा.

कंपनीला त्यानं पत्र लिहिलंय, तीन पानी,
यंत्रात मुळातच दोष आहे म्हणून.
पोस्टात टाकायचं काम माझं.
आठवडा झाला, कोटाच्या खिशात आहे,
हातमोज्याखाली.

कॉफी अजून आंबट येते.
तेवढं मात्र त्याचं खरं.